संस्थेचं नाव

"आज चालू झालं तर झालं," आई म्हणाली. "नाही तर संध्याकाळी तो येतोच आहे, त्याला मशीन देऊन टाक. मढं उरावर घेऊन बसायची मला हौस नाही."

मढं म्हणजे तिची भरतकामाची मशीन. घराला लागून एक गॅरेज आहे, ज्यात गाडी कधीच उभी राहिली नाही, कारण आमच्याकडे गाडी नव्हती. मी कॉलेजात होते तेव्हा ती मशीन तिथे आली आणि तिथेच राहिली. शाळांचे बिल्ले, क्लबांची चिन्हं, हॉटेलांच्या टॉवेलांवरची अक्षरं. आसपासच्या निम्म्या खिशांवर आईचे टाके आहेत. मशीन अजून धडधाकट होती. मेला होता तो तिच्या शेजारचा कॉम्प्युटर.

कोणता टाका कुठे घालायचा हे मशीनला तो सांगतो. त्याची हार्ड डिस्क आधी टकटक करायला लागली आणि मग एका सकाळी काहीच बोलेना. नवीन कॉम्प्युटर आणून भागलं नसतं. या मशीनची जाड केबल लावायला नव्या कॉम्प्युटरला भोकच नसतं, आणि आईचा नक्षीचा प्रोग्राम नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर उघडत नाही. म्हणजे जुन्याच डब्यात दुसरी डिस्क घालायची, जुनीच सिस्टिम टाकायची, तिचं लायसन्स मान्य करून घ्यायचं, मग प्रोग्राम टाकायचा आणि त्याचंही लायसन्स मान्य करून घ्यायचं. यातलं काहीही अडलं तर मशीन म्हणजे नुसतं लोखंड. ते लोखंड सुट्या भागांसाठी न्यायला एक भरतकामवाला तयार होता. त्याच्याकडे असल्या मशिनींची रांगच आहे.

मशीन गेली तर आईचं काय होईल, हे मी आणि माझा धाकटा भाऊ एकमेकांशी बोललो नव्हतो. बोलायची गरज नव्हती. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात ती गॅरेजचं शटर वर करून आत जाऊन बसली होती. त्यानंतर ती घरात फक्त जेवायला आणि झोपायला येते.

मी रसायनशास्त्राची. औषधांच्या एका प्रयोगशाळेत नमुने तपासते. कॉम्प्युटर हा माझा विषय नाही, पण सूचना वाचून त्याच क्रमाने करत जाणं हा माझा स्वभाव आहे, आणि सिस्टिम टाकण्याच्या कामाला तेवढं पुरतं. भाऊ लांब राहतो. त्याला मी फोनवर घेतला आणि फोन धाग्यांच्या रिळांना टेकवून उभा केला. लहानपणी तो गोलमटोल होता म्हणून त्याला ढब्बू म्हणत. आता काडी झालाय, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

"ताई, आधी सीडी सापडली का?"

"सापडली."

"कुठे?"

"जिथे असायला हवी तिथे. ड्रॉवरमध्ये."

"बाबांचा ड्रॉवर," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

बाबा वजनमापं तपासायचे. सरकारी नोकरी होती. दुकानादुकानांत जाऊन तराजू बरोबर आहेत की नाहीत ते पाहायचं आणि त्यावर शिक्का मारायचा. त्यांच्या लेखी 'अंदाजे' हा शब्द शिवीच होता. घरातली प्रत्येक वस्तू जागेवर असायची आणि कोणी हलवली तर ती कोणी हलवली हेही त्यांना कळायचं. माझ्यात जे काही शास्त्र उतरलंय ते पुस्तकांतून कमी आणि त्यांच्याकडून जास्त.

सिस्टिमची किल्ली, म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची ती लांबलचक ओळ, कॉम्प्युटरच्या डब्याच्या कुशीवर एका स्टिकरवर छापलेली होती. पण डब्याला टेकून वर्षानुवर्षं रिळांचं खोकं ठेवलेलं. ते पुढेमागे सरकताना स्टिकरचा मधला भाग घासून पांढरा पडला होता. मी विजेरी तिरकी धरली. कागदावरचा शाईचा रंग जातो, पण दाब राहतो. तिरक्या उजेडात खाचा दिसतात.

"काय करतेय ग ती?" ढब्बूने आईला विचारलं.

"डब्याशी कानगोष्टी," आई म्हणाली. ती तिच्या स्टुलावर बसून बॉबिनमधले धाग्यांचे तुकडे चिमट्याने काढत होती. हात रिकामे ठेवणं तिला जमत नाही.

एका जागी आठचा आकडा की इंग्रजी बी हे काही केल्या ठरेना. आधी आठ घातला. चालला नाही. मग बी घातला आणि पडदा पुढे सरकला. निळी पट्टी हळूहळू भरत जाऊ लागली.

ती निळी पट्टी पाहिल्यावर मला काहीतरी झालं. हीच पट्टी आम्ही तिघं, आई, ढब्बू आणि मी, एका बाकावर दाटीवाटीने बसून पाहिली होती. बाक कापडं कापायच्या टेबलाचा. ढब्बू शाळेतून गणवेशातच आला होता. घरात आलेला तो पहिला कॉम्प्युटर. पट्टी एक घर पुढे गेली की ढब्बू टाळी वाजवायचा. आई म्हणत होती, "माझं काम करेल ना हा? की नुसताच दिवे लावेल?" दारात बाबा उभे होते, ऑफिसची पिशवी अजून खांद्याला. ते आत आले नाहीत. गॅरेज आईचं, तिथे ते न विचारता पाऊल टाकायचे नाहीत. त्यांनी तिथूनच विचारलं, "पट्टी भरायला जागा किती उरलीय?" मी म्हटलं, "थोडीच." त्यांनी कपाळाला आठी घातली, कारण थोडीच म्हणजे किती हे मी सांगितलं नव्हतं.

त्या बाकावर आता आईची औषधं होती आणि माझा चहाचा कप.

सिस्टिमचं लायसन्स फोनवरून मान्य करून घ्यायचं होतं. पडद्यावर आकड्यांचे गट आले, ते मी आईच्या फोनच्या बटणांवर दाबत गेले. पलीकडून यंत्रातल्या बाईने आकड्यांचे दुसरे गट मला परत सांगितले. तिचा आवाज मात्र इतका गोड की आई म्हणाली, "हिला विचार, माझ्याकडे कामाला येते का." आकडे भरले. सिस्टिम मान्य झाली.

"अर्धी लढाई जिंकलीस ताई," ढब्बू म्हणाला.

"पाव," मी म्हटलं. प्रोग्राम अजून व्हायचा होता.

तोही टाकून झाला, तेव्हा पडद्यावर चौकट आली. हा प्रोग्राम दुसऱ्या कॉम्प्युटरवर नोंदलेला आहे, कंपनीशी संपर्क साधा. कॉम्प्युटर तोच होता, पण डिस्क बदलली म्हणजे प्रोग्रामच्या दृष्टीने माणूसच बदलला. नक्षी सगळ्या होत्या. ढब्बू दर भेटीत त्यांच्या प्रती काढून ठेवायचा. पण त्या याच प्रोग्राममध्ये उघडतात. धान्य कोठारात होतं आणि कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या हातात.

आईच्या फोनवरून मी कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं. मग एका बाईने उचलला. माणसाचाच आवाज होता, कारण तिला सर्दी झाली होती.

"कोणती आवृत्ती?"

मी सांगितली.

"अगंबाई!" ती म्हणाली आणि लगेच सावरली. "म्हणजे, थांबा हं मॅडम. जुन्या आवृत्त्यांना मी एकटीच आहे, आणि सहसा कोणी फोनच करत नाही. हां. दिसली तुमची नोंद. वापरणाऱ्याचं नाव?"

मी आईचं पूर्ण नाव सांगितलं.

"बरोबर. संस्थेचं नाव?"

मी दुकानाचं नाव सांगितलं, शटरवरच्या पाटीवर आहे तेच.

"नाही मॅडम. हे नाही."

"असं कसं? मी स्वतः टाइप केलं होतं. मला तो पडदा आठवतोय."

"इथे वेगळं आहे. मला ते सांगता येत नाही, तुम्ही सांगायचं आणि मी जुळवायचं. तीनदा चुकलं की नोंद बंद होते, मग मूळ बिल लागतं."

बिल देणारा दुकानदार कधीच दुकान बंद करून गेला होता. त्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे. मी तिला थांबायला सांगितलं. ती म्हणाली, "थांबते की. माझ्याकडे कुठे रांग लागलीय?"

"ताई," ढब्बू रिळांजवळून म्हणाला, "तू टाइप केलंच नाहीस. मी केलं. तू सूचना वाचत होतीस आणि मी बटणं दाबत होतो. आणि तेव्हा दुकानाला नाव कुठे होतं? पाटी नंतर लागली."

हे मात्र खरं होतं. पाटी नंतर लागली. मला आठवत असलेल्या पडद्यावर पाटीवरचं नाव असणं शक्यच नव्हतं. म्हणजे मला जे आठवत होतं ते मीच मागाहून रचलेलं होतं. प्रयोगशाळेत कोणी असं केलं असतं तर मी त्याला खडसावलं असतं.

"मग तू काय दाबलंस, दिवट्या?" आईने विचारलं.

"आईची पलटण."

"काय?"

"आईची पलटण. तू आम्हाला तेच म्हणायचीस. आम्ही बिल्ल्यांमागचा कागद सोलत बसायचो ना, तेव्हा."

आई हसली. चिमटा खाली ठेवून, डोळे मिटून हसली. "अरे हो रे. पलटण! आणि सोलायला घेतलं की दोघं निम्मे बिल्ले फाडून ठेवायचात."

तिचं हसणं बघून मला वाटलं हेच असणार. इतकी चांगली आठवण चुकीची कशी असेल? मी फोनवर सांगितलं.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "छान आहे हो," ती बाई म्हणाली. "पण हे नाही. आता एकच राहिलं. जपून."

आईने पुन्हा चिमटा उचलला. "राहू दे," ती म्हणाली. "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? त्या माणसाला फोन कर, लवकर आलास तरी चालेल म्हणावं."

"आई, अजून एक संधी आहे."

"चिंगे, तुम्ही दोघं आठवून थकलात. मला काही आठवत नाही. संपलं." ती उठली आणि मशीनवरचं प्लॅस्टिकचं कापड ओढून घालू लागली. कोपरे नीट खोचत होती, पाहुणे गेल्यावर अंथरुणाची घडी घालावी तसे. मग मध्येच थांबली.

"पण नोंद तुम्ही केलीच नव्हती," ती म्हणाली. "पडद्यावर तुम्ही काय हवं ते लिहिलं असेल. नोंद ह्यांनी केली. दुसऱ्या दिवशी. फोनवरून."

"बाबांनी?"

"माझे हात तेलाने बरबटलेले होते आणि शाळेचे बिल्ले द्यायचे होते. मी म्हटलं, तेवढा फोन करून टाका. मग ह्यांनी बाहेरच्या खोलीतून केला. तो त्यांचा ऑफिसचा आवाज काढून."

मी कंपनीच्या बाईला विचारलं. "हो, बरोबर," ती म्हणाली. "तेव्हा नोंदणी फोनवरच व्हायची. समोरचा सांगेल ते आम्ही लिहून घ्यायचो."

म्हणजे प्रश्न आता असा होता. आम्ही काय लिहिलं हे नाही, बाबा काय म्हणाले असतील हे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून नेमकं काय निघालं असेल याचा आम्ही इतक्या काटेकोरपणे विचार कधी केला नव्हता. आपण गेलेल्या माणसाबद्दल बोलतो, त्याच्यासारखं बोलून पाहत नाही.

"खोटं सांगणार नाहीत," ढब्बू म्हणाला. "नाव नव्हतं तर बनवून नाव सांगणार नाहीत."

"घरगुती," आई म्हणाली. "घरगुती भरतकाम. दुसरं काय सांगणार? सगळीकडे तेच सांगायचे. कोणी विचारलं, वहिनी काय करतात? की लगेच, 'घरी थोडं भरतकाम करते.' थोडं! पूर्ण शाळेचे गणवेश जायचे इथून, आणि थोडं!"

तिच्या आवाजाला धार आली होती. हे दुखणं जुनं होतं. आम्ही दोघंही ते ओळखून होतो. आईला बाबांनी कधी अडवलं नाही, पैसे घातले, मशीन उचलून आत ठेवायला चार माणसं आणली. पण तिच्या कामाला त्यांनी काम म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं.

"सांग तिला," आई म्हणाली. "घरगुती भरतकाम. मी लिहून देते, तेच असणार."

ते पटण्यासारखं होतं. बाबांच्या तोंडात बसणारं, मोजकं, खोटं नसलेलं. मी फोन तोंडाजवळ नेला.

"थांब," ढब्बू ओरडला. दचकून माझा धक्का लागला, रिळं हलली आणि फोन आडवा पडला. मी तो उचलून धरला. "ताई, थांब, थांब. पोस्टमन आठवतो? सायकलवाला, दात पुढे?"

"तो टवाळ मेला?" आई म्हणाली.

"फाटकातून काय हाक मारायचा तो?"

मला आठवलं. आईलाही आठवलं असावं, कारण ती परत स्टुलावर बसली. तो फाटकाशी सायकल टेकवून गल्लीला ऐकू जाईल अशी हाक द्यायचा, "कारखाना! सही करा, कारखाना!" शेजारच्या पोरांनी ते उचललं होतं. ढब्बूला शाळेत काही दिवस कारखान्याचा पोरगा म्हणत. आई चिडायची. गॅरेजमध्ये एक मशीन काय ठेवली, तर मेला टिंगल करतो.

"तो नेहमी तशी हाक मारायचा का?" मी विचारलं.

"म्हणजे?" ढब्बू म्हणाला.

"बँकेचं पत्र आलं तेव्हा? मावशीचं आलं तेव्हा?"

त्याने विचार केला. "नाही ग. तेव्हा नुसती घंटी. कारखाना फक्त त्या चपट्या पाकिटाला. सही घेऊन द्यायचा ते."

चपटं पाकीट या कंपनीचं असायचं. प्रोग्राममध्ये काही सुधारणा झाली की ते नोंदलेल्या पत्त्यावर नवी सीडी पाठवायचे. सही बाबा करायचे. पाकीट सुरीने कडेने कापायचे, सीडी ड्रॉवरमध्ये ठेवायचे आणि वरचं वेष्टण घडी करून रद्दीत टाकायचे. आम्हा कोणालाही ते वेष्टण वाचायची वेळ कधी आली नाही.

पोस्टमन टिंगल करत नव्हता. तो पत्ता वाचत होता. ऐकलं होतं ते बरोबरच, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला होता, आणि तो चुकीचा निष्कर्ष आम्ही इतकी वर्षं सांभाळला होता.

तरी खात्री नव्हती. एकीकडे आईचा पैजेवरचा शब्द, दुसरीकडे दात पुढे असलेल्या माणसाची हाक. मी आईकडे पाहिलं. चुकलं तर नुकसान तिचं होतं, म्हणून निर्णयही तिचाच.

तिने चिमटा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "सांग तुला काय सांगायचं ते." आणि तोंड फिरवलं.

"कारखाना," मी फोनमध्ये म्हटलं.

"नुसतंच?"

"नुसतंच."

कळफलकावर बोटं वाजली. "जुळलं," ती बाई म्हणाली. तिलाही आनंद झाला असावा, कारण ती एकदम घाईने बोलू लागली. "घ्या मॅडम, लिहून घ्या, सावकाश सांगते."

मी आकडे लिहून घेतले. ढब्बू तिकडे शिट्ट्या मारत होता. आई मात्र उठून माझ्यासमोर उभी राहिली होती, कमरेवर हात ठेवून, जणू कारखाना मीच म्हटलं होतं.

"मग मला सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली. "त्या फोनवरच्या परक्या बाईला सांगितलं. पोस्टमनला कळलं. गल्लीला कळलं. मला सांगायला जीभ जड झाली होती?"

बाबा कौतुक करणारे नव्हते, हे खरं. ते पाहून, तपासून शिक्का मारायचे आणि पुढच्या दुकानात जायचे. शिक्का मारल्यावर वाण्याला 'तुमचा तराजू बरोबर आहे' असं वेगळं सांगायला ते थांबत नसत. शिक्का आहे ना, मग झालं. त्यांनी कारखाना म्हटलं ते मोठेपणा म्हणून नाही. त्यांना कोणीतरी नीट प्रश्न विचारला आणि त्यांनी नीट उत्तर दिलं. वहिनी काय करतात हा त्यांच्या दृष्टीने नीट प्रश्नच नसेल. हे सगळं मला सुचलं, पण मी ते आईला सांगितलं नाही. तिला त्या क्षणी समजूत नको होती, भांडण हवं होतं, आणि ज्याच्याशी भांडायचं तो हजर नव्हता.

"सरक," ती म्हणाली. मी खुर्ची सोडली.

तिने चष्मा नाकावर चढवला आणि प्रोग्राम उघडला. पडद्यावर तिच्या नक्षींची यादी आली. ती न बघता एकीवर थांबली. होड्या वल्हवणाऱ्यांच्या क्लबचा बगळा. त्यांना तो या खेपेला टोप्यांवर हवा होता, म्हणजे खिशावरच्यापेक्षा लहान. तिने बगळा लहान केला, आणि मग त्याच्या पायातले टाके एकेक करून काढायला लागली. नक्षी लहान केली की टाके एकमेकांच्या अंगावर चढतात आणि धागा तुटतो. कुठला काढायचा आणि कुठला ठेवायचा हे ती पडद्याला नाक लावून ठरवत होती. मध्येच काहीतरी पुटपुटत होती. ते बगळ्याला होतं की बाबांना, मी विचारलं नाही.

भरतकामवाला आला तेव्हा मशीनवरचं प्लॅस्टिक जमिनीवर पडलं होतं आणि सुई चालू होती. तो शटरखाली वाकून आत आला, नमस्कार केला. आईने मान हलवली, सुईवरची नजर काढली नाही. तो तिच्या मागे उभा राहून पाहू लागला.

"आमच्याकडे नक्षी लहानमोठी करायचं काम हल्ली कॉम्प्युटर आपोआप करतो, काकू," तो म्हणाला.

"म्हणून तुमचे पक्षी लंगडतात," आई म्हणाली.

तो हसला, पण पाहत राहिला. बगळ्याचा पाय उतरत आला, गुडघ्याशी वळला, आणि धागा तुटला नाही. तो अजून थोडा वाकला.

"मशीनचं कसं करायचं मग?" त्याने मला विचारलं.

"तिला काय विचारतोस? मशीन माझी आहे," आई म्हणाली. "कामात आहे ती. विकायची नाही. तुझे बगळे दुरुस्त करून हवे असतील तर सोमवारी घेऊन ये, आज मला वेळ नाही."

तो गेल्यावर मला ढब्बूची आठवण झाली. आकडे मिळाल्याच्या गडबडीत त्याचा फोन कधीतरी कटला होता. मी परत लावला आणि सांगायला लागले, पण मशीन टोपीच्या दुसऱ्या रंगावर आली होती, आणि माझं मलाच ऐकू येईना.

"काय ग हा आवाज?" तो ओरडला. मग त्याच्या लक्षात आलं.

मी गॅरेजच्या बाहेर निघाले होते, बोलता यावं म्हणून.

"बाहेर जाऊ नकोस," तो म्हणाला. "तिथेच थांब थोडी. आणि बोलू नकोस."

मी परत आत आले आणि फोन मशीनच्या दिशेने धरून उभी राहिले.